छोट्या स्की रेसरला शर्यतीसाठी तयार कसं करायचं

गेटमधून, म्हणजे मार्ग दाखवणाऱ्या खांबांमधून, वळायला शिकवणारे प्रशिक्षक पुष्कळ आहेत. पण शर्यतीच्या दिवशी उठल्यापासून नडगी स्टार्टच्या दांडीला लागेपर्यंत काय काय करायचं, हे बहुतेक मुलांना कुणी शिकवलेलंच नसतं. सरावात सुरेख स्की करणारं मूल शर्यतीत अचानक आखडलेलं दिसतं, आणि मोठी माणसं लगेच निदान करतात, ‘प्रेशर घेतो हो फार.’ नीट चौकशी केली की वेगळंच निघतं. पाय गारठलेले होते, कोर्स, म्हणजे गेटांनी आखलेला मार्ग, अर्धाच पाहिला होता, स्कीच्या कडेची धार बोथट होती, आणि आपला नंबर नेमका कधी येणार हे त्याला माहीतच नव्हतं. अशा अवस्थेत कोणीही आखडेल.

तयारी हे एक वेगळं कौशल्य आहे आणि तेही वळणांइतकंच सरावाने येतं. दहा ते सोळा वर्षांच्या मुलांना ते कसं शिकवायचं, ते इथे क्रमाने सांगतो. प्रशिक्षक आणि पालक दोघांसाठी.

शर्यतीच्या काही आठवडे आधी: पहिल्या फेरीला किंमत द्या

नेहमीच्या सरावात मूल एकाच कोर्सवरून सात-आठ वेळा उतरतं. चौथ्या-पाचव्या फेरीपर्यंत कोर्स पाठ होतो, वेळ सुधारते, सगळे खूश होतात. शर्यतीत मात्र तो कोर्स एकदाच मिळतो. म्हणजे सरावाच्या दिवसातली शर्यतीशी जुळणारी फेरी फक्त पहिली, आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी ‘अंग मोकळं करायला’ म्हणून वाया घालवली जाते.

म्हणून आठवड्यातला एक दिवस शर्यतीसारखा ठेवा. ठरलेल्या वेळेत कोर्सची पाहणी, अंगावर बिब (नंबरची बंडी), एकच फेरी, घड्याळ लावलेलं, पुन्हा संधी नाही. पडलं तर पडलं. नंतर तोच कोर्स हवा तितक्या वेळा करू द्या, पण नोंद पहिल्या फेरीचीच ठेवा. आधी मुलं कुरकुर करतात. दोन-तीन आठवड्यांत पाहणीच्या वेळी त्यांचं बोलणं बदलतं, कारण आता पाहणीचा उपयोग त्यांना दिसू लागतो.

शर्यती किती करायच्या, हाही तयारीचाच प्रश्न आहे. दर शनिवार-रविवारी मुलाला कुठल्या ना कुठल्या स्टार्टवर उभं करण्याचा हव्यास पालकांना असतो. अमेरिकेची स्की रेसर मिकेला शिफ्रिन हिने २०२५ च्या फेब्रुवारीत इटलीतल्या सेस्त्रिएरेला विश्वचषकातली १००वी शर्यत जिंकली. लहानपणी मात्र तिच्या घरच्यांनी आणि प्रशिक्षकांनी शर्यतींच्या मागे न धावता सरावाला जास्त दिवस दिले होते. बारा वर्षांच्या मुलाने मोसमात थोड्या शर्यती कराव्यात, पण प्रत्येकीची तयारी पूर्ण करावी, असं माझं ठाम मत आहे.

जबाबदारीही हळूहळू सोपवायची. दहाव्या वर्षी स्वतःची स्की स्वतः उचलायची आणि बुटाचं कोणतं बक्कल कितव्या खाचेत लागतं ते लक्षात ठेवायचं. बाराव्या वर्षी कोणाच्या तरी नजरेखाली स्कीच्या तळाला लावलेलं वॅक्स खरवडायचं, धारेवर दगड फिरवायचा. चौदाव्या वर्षी धार स्वतः काढायची. सोळाव्या वर्षी दिवसाचं वेळापत्रक त्याने आखायचं आणि तुम्ही फक्त पाहायचं. बाबा स्की वाहताहेत, आई हातमोजे शोधतेय आणि रेसर फोनमध्ये आहे, हे दृश्य सगळ्या स्टार्टवर दिसतं. त्या मुलाला स्टार्टच्या दांडीमागे एकटं उभं राहायचं आहे, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

उपकरणं: आधी धार, मग वॅक्स

पालकांचा सगळा जीव वॅक्समध्ये अडकलेला असतो. लहान मुलांच्या शर्यतीत, विशेषतः कडक बर्फावर, वेळ जाते ती धार न पकडल्यामुळे. वॅक्समुळे जो फरक पडतो तो त्यानंतरचा. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने, म्हणजे एफआयएसने, २०२३-२४ च्या मोसमापासून फ्लोरिनयुक्त वॅक्सवर पूर्ण बंदी घातली आहे. त्यामुळे महागड्या जादूच्या डब्या घेण्याचं उरलंसुरलं कारणही गेलं.

धारेची बाजू साधारण ८७ ते ८८ अंशांवर आणि तळाकडचा उतार ०.५ ते १ अंश, इतकं बहुतेक मुलांना पुरतं. कोन कोणताही ठेवा, पण शर्यतीच्या आदल्या रात्री तो बदलू नका. स्की वेगळी वागायला लागली की मूल पहिल्या तीन गेटांत घाबरतं.

कामाचा क्रम असा. स्की शिकंज्यात घट्ट बसवा, पुसून कोरडी करा. दगडावर आपटून धारेवर आलेल्या कडक गाठी आधी डायमंड स्टोनने काढा. त्या तशाच ठेवून कानस चालवली तर कानस खराब होते आणि गाठ राहतेच. मग कोन धरणाऱ्या गाइडमध्ये कानस बसवून टोकाकडून शेपटीकडे हलक्या, लांब ओढी घ्या. पुन्हा डायमंड स्टोन, म्हणजे कानशीमुळे धारेवर उरलेली खरखरीत किनार जाते. हातात मोजे घालायला लावा. धार चांगली निघाली असेल तर ती बोटही तितकंच चांगलं कापते.

वॅक्ससाठी तळ स्वच्छ करा, वॅक्स वितळवून सोडा आणि इस्त्री सतत पुढे सरकवत ठेवा. एका जागी थांबली तर तळ जळतो. स्की खोलीच्या तापमानाला पूर्ण निवू द्या, मग प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा आणि ब्रश मारत राहा. वॅक्स निवडताना हवेचं नाही, बर्फाचं तापमान धरा. हवा शून्याच्या वर गेली तरी बर्फ शून्याच्या वर जात नाही.

बाइंडिंगबद्दल, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या आणि पडल्यावर सोडणाऱ्या साधनाबद्दल, एकच नियम, तो मात्र कडक. सैल-घट्ट करण्याचा आकडा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि स्की करण्याची पद्धत यांवरून ठरतो आणि तो प्रशिक्षित तंत्रज्ञानेच ठरवायचा. वाढत्या मुलाचा आकडा मोसमाच्या सुरुवातीला आणि उंची-वजन बदललं की पुन्हा तपासून घ्यायचा. ‘शर्यतीत निसटू नये’ म्हणून आदल्या रात्री स्क्रू पिळणं म्हणजे गुडघ्याशी जुगार आहे.

बूट ‘पुढच्या वर्षीही चालेल’ म्हणून मोठा घेऊ नका. आतलं अस्तर काढून, रिकाम्या कवचात बोटं पुढे टेकवून पाय ठेवला, की टाचेमागे एक ते दीड सेंटीमीटर जागा राहावी. एकच पातळ मोजा. रात्री बूट गाडीत ठेवू नका, कारण थंड प्लास्टिक ताठ होतं आणि सकाळी पाय आत जाता जात नाही. हेल्मेटही पाहून घ्या. एफआयएसच्या नियमांप्रमाणे मऊ कानाचं हेल्मेट फक्त स्लॅलममध्ये, म्हणजे जवळजवळ लावलेल्या गेटांच्या प्रकारात, चालतं. जायंट स्लॅलम (गेटं जास्त अंतरावर) आणि त्याहून वेगवान सुपर-जी, डाउनहिल या प्रकारांत कानावरही कडक कवच लागतं. जोरात आपटलेलं हेल्मेट वरून धडधाकट दिसलं तरी बदला.

आदली संध्याकाळ: घड्याळ उलटं मोजा

बिब नंबर कळला की मुलाच्या हातात कागद-पेन्सिल द्या. समजा पहिला स्पर्धक १०:०० वाजता सुटणार, दोन स्पर्धकांमध्ये ४० सेकंद आणि याचा नंबर ४२. म्हणजे याच्या आधी ४१ वेळा ४० सेकंद, साधारण २७ मिनिटं. कोणी पडलं, गेट उखडलं तर आणखी उशीर. तर हा सुटणार १०:२७ च्या पुढेच. आता मागे या. १०:०५ ला स्टार्टपाशी. त्याआधी एक मोकळी फेरी. त्याआधी पाहणी. त्याआधी अंग गरम करायच्या फेऱ्या. त्याआधी बूट. त्याआधी प्रवास. त्याआधी न्याहारी, शर्यतीच्या दोन-तीन तास आधी. हे गणित मुलाने स्वतः केलं की सकाळची निम्मी धावपळ आपोआप थांबते.

सामान आदल्या रात्रीच काढून एका जागी मांडायचं. त्यात हातमोज्यांची दुसरी जोडी आणि चष्म्याच्या दोन प्रकारच्या काचा असाव्यात, एक उन्हाची, एक ढगाळ प्रकाशाची.

झोपेचं म्हणाल तर सहा ते बारा वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास लागतात. शर्यतीच्या आदल्या रात्री काही मुलांना झोप लागत नाही. त्यावर उपाय म्हणजे त्याच्याही आधीच्या दोन-तीन रात्री भरपूर झोप, आणि मुलाला आधीच सांगून ठेवणं की एका रात्रीच्या अर्धवट झोपेने काही बिघडत नाही. झोप येत नाही या काळजीनेच ती जास्त उडते.

खाण्यात नवीन काहीही नको. जे सरावाच्या दिवशी पोटाला सोसतं, त्यातलंच, पिष्टमय पदार्थ जास्त आणि तेल-तूप कमी. थंडीत तहान कमी लागते, म्हणून पाणी आठवणीने प्यायला लावा.

सकाळी बर्फावर

दोन ते चार मोकळ्या फेऱ्या पुरतात. पहिली सावकाश, पायाखालचा बर्फ कसा आहे ते जाणण्यासाठी. मग धारेवर लांब वळणं, शेवटी त्या दिवशीच्या प्रकाराच्या लयीतली जोरकस वळणं. लांब वेळ ताणून धरण्याचे व्यायाम इथे नकोत. त्याने स्नायूंचा जोर काही काळ उतरतो. पाय झुलवणं, बसून उठणं, छोट्या उड्या, बाजूला उड्या हे बरं.

कोर्सची पाहणी

या टप्प्यावर सर्वांत जास्त वेळ खर्च करा, कारण शर्यतीतली बहुतेक वेळ इथेच मिळते किंवा जाते.

आधी नियम. बिब दिसेल असा घातलेला हवा. कोर्सच्या कडेने बाजूला घसरत किंवा सावकाश उतरत पाहायचं. गेटमधून स्की करत जायचं नाही, गेटच्या वळणांची नक्कल करत शेजारून उतरायचंही नाही. यासाठी स्पर्धक बाद होऊ शकतो आणि उत्साही मुलं नेमकी इथेच फसतात. पाहणीची वेळ मर्यादित असते, तेव्हा वरच्या चार गेटांशी गप्पा मारत उभं राहिलं तर खालचा कोर्स पाहायचाच राहतो.

लिफ्टमधून वर जातानाच संपूर्ण कोर्स दुरून पाहायला शिकवा. उतार कुठे बदलतो, सावली कुठे आहे, कोर्स कोणत्या बाजूला झुकतो. मग वरून सुरुवात.

सगळी गेटं पाठ करायचा हट्ट नको. एफआयएसच्या जायंट स्लॅलममध्ये दिशाबदलांची संख्या उताराच्या उंचीतल्या फरकाच्या ११ ते १५ टक्के असते. २०० मीटर उतार असेल तर २२ ते ३० वळणं. स्लॅलममध्ये त्याहून कितीतरी जास्त. इतकं सगळं कोणाच्याच डोक्यात राहत नाही. कोर्सचे चार-पाच तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला मुलाने स्वतःच नाव द्यावं. ‘उंचवट्याआधीची’, ‘सावलीतली’, ‘उतरत्या कडेची’ असं काहीही चालेल. त्याचं त्याला आठवलं पाहिजे.

प्रत्येक तुकड्याच्या वर थांबून तीन प्रश्न विचारायची सवय लावा. पुढचं गेट कुठे दिसेनासं होतं? वळण कुठे लवकर सुरू करावं लागेल? वेग कुठे मोकळा सोडता येईल? पहिल्या प्रश्नावर विशेष भर द्या. उंचवट्यापलीकडचं गेट दिसत नसेल तर दूरचं झाड, खांब, कोणती तरी स्थिर खूण धरून दिशा ठरवायची. लोकांची टोळकी किंवा उभी केलेली गाडी खूण म्हणून चालत नाही, ती शर्यतीच्या वेळी हललेली असतात.

जिथे उतार वळणाच्या बाहेरच्या अंगाला कलतो, तिथे स्की आपोआप खाली सरकते. मुलांना हे डोळ्यांनी कळत नाही. तिथे थांबून बाजूला घसरून पाहायला सांगा, पायांना कळेल. स्लॅलममध्ये सरळ रेषेतल्या गेटांचे गट कुठे आहेत आणि त्यात शिरताना कोणतं गेट पहिलं, हे बोट दाखवून सांगता आलं पाहिजे. लय तुटते तीही तिथेच, आणि लांब वळणाच्या गेटावरही. काठीचं टोक रोवून बर्फ किती कडक आहे ते पाहायचं. खाली पोहोचल्यावर मागे वळून वर पाहायचं, कारण काही गेटं खालूनच नीट कळतात. शेवटच्या गेटापासून फिनिशच्या रेषेपर्यंतचा मार्गही पाहायचा. मुलं तिथे शर्यत संपली असं समजून उभी राहतात आणि फुकटची वेळ घालवतात.

प्रशिक्षकाने या वेळी कमी बोलावं. तुम्ही सांगितलेली रेषा, म्हणजे गेटांमधून उतरण्याची वाट, मुलाच्या डोक्यात पाच मिनिटं टिकते, त्याने स्वतः शोधलेली स्टार्टपर्यंत टिकते. दोन मुलांना एकमेकांना कोर्स सांगायला लावा. कुठे त्यांचं जमत नाही, तिथे पुन्हा पाहायचं.

ज्याचा नंबर मागचा आहे, त्याने जो कोर्स पाहिला तो त्याला मिळणार नाही. तोवर गेटांभोवती चर पडलेले असतील. अशा मुलांसोबत सरावाच्या शेवटी, कोर्स उखडल्यावर मुद्दाम फेऱ्या करा. चराशी भांडायचं नाही, थोडं आधी वळून त्यात शिरायचं आणि पाय मऊ ठेवायचे. शर्यतीच्या दिवशी खाली उभ्या असलेल्या प्रशिक्षकाने वायरलेसवरून एकच नेमकी बातमी द्यावी, उदाहरणार्थ ‘तिसऱ्या तुकड्यात चर खोल, रेषा उंच ठेवा’.

पाहणीपासून स्टार्टपर्यंत

टीव्हीवर विश्वचषकाचे रेसर डोळे मिटून हात वळवत डोलताना दिसतात. मुलं त्याची नक्कल करतात, पण आत बहुधा काहीच चाललेलं नसतं. हे तपासायची सोपी युक्ती आहे. स्टॉपवॉच घ्या. मूल डोळे मिटून सुरू म्हणेल तेव्हा चालू, फिनिश म्हणेल तेव्हा बंद. खरी फेरी ४५ सेकंदांची आणि मनातली १५ सेकंदांत आटोपली, तर मधली गेटं गाळली गेली आहेत. कोणती ती विचारा. सरावात हे अंतर कमी होईपर्यंत करत राहा. फेरी स्वतःच्या डोळ्यांनी दिसली पाहिजे, प्रेक्षकाच्या नव्हे. एकदा मनात मुद्दाम चूकही घडवायची आणि तिच्यातून सावरून पुढच्या गेटावर नजर न्यायची.

घाबरलेलं असणं वाईट नाही. १९०८ साली यर्क्स आणि डॉडसन यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून मांडलेली कल्पना क्रीडाक्षेत्रात आजही वापरली जाते. उत्तेजना फार कमी असली तरी काम बिघडतं आणि फार जास्त असली तरी. म्हणून सगळ्या मुलांना ‘शांत हो’ म्हणू नका. जे मूल बडबडतं, तळमळतं, त्याला लांब उच्छ्वास सोडायला लावा. जे जांभया देतं, गप्प होतं, त्याला उड्या मारायला लावा. कोणाला काय लागतं ते सरावातल्या शर्यतीच्या दिवशी टिपून ठेवलेलं असेल तर स्टार्टवर चाचपडावं लागत नाही.

आटोक्याबाहेरच्या गोष्टी घडतातच. २२ डिसेंबर २०१५ रोजी इटलीतल्या मादोना दी काम्पिल्यो इथे स्लॅलमच्या दुसऱ्या फेरीत ऑस्ट्रियाचा रेसर मार्सेल हिर्शर याच्या अगदी मागे कॅमेऱ्याचं ड्रोन कोसळलं. तो फेरी पूर्ण करून दुसरा आला. मुलांना हा प्रसंग सांगावा आणि मग विचारावं, ‘तुझ्या हातात काय काय आहे?’ निकाल त्या यादीत येत नाही. ‘हात पुढे’ किंवा ‘दोन गेटं पुढे नजर’ असं काही येतं. त्यातलं एकच निवडायचं.

जाकीट आधीच काढून थरथरत उभं राहायचं नाही. आपल्या आधी चार-पाच जण उरले की काढायचं. बुटाच्या तळाचा बर्फ खरवडायचा, बाइंडिंग नीट लागलंय ते पाहायचं, बक्कलं ठरलेल्या खाचेत, चष्मा पुसलेला. रोज याच क्रमाने.

स्टार्ट

जायंट स्लॅलम, सुपर-जी आणि डाउनहिलमध्ये दहा सेकंद आधी सूचना मिळते, मग पाचपासून उलटी मोजणी. ठरलेल्या वेळेच्या ५ सेकंद आधीपासून ५ सेकंद नंतरपर्यंत सुटता येतं. स्लॅलममध्ये ठरावीक अंतर नसतं; ‘गो’ म्हटल्यावर १० सेकंदांत निघायचं. मुलांना हे आधी माहीत असेल तर आवाजाने दचकून सुटायची गरज उरत नाही.

घड्याळ सुरू होतं ते नडगीने दांडी उघडल्यावर. म्हणून आधी काठ्यांवर जोर देऊन धड पुढे फेकायचं आणि पाय सगळ्यात शेवटी. सरावाच्या दिवशी दहा मिनिटं नुसतं हेच करा. मग दोन-तीन जोरदार ढकल्या आणि पहिल्या गेटाकडे.

गेट कधी पार झालं मानतात तेही पक्कं करा. दोन्ही स्कींची टोकं आणि दोन्ही पाय गेटच्या रेषेपलीकडे गेले पाहिजेत. गेट चुकलं तर जायंट स्लॅलममध्ये पूर्ण थांबल्यावर पुढे जाता येत नाही; कडेला व्हायचं. स्लॅलममध्ये पुढच्या स्पर्धकाच्या वाटेत न येता वर चढून ते गेट घेता येतं.

दोन फेऱ्यांमध्ये

दुसऱ्या फेरीला कोर्स नव्याने लावला असेल तर पाहणीही नव्याने. पहिल्या फेरीचा कोर्स डोक्यातून काढून टाकायला मुलांना वेळ लागतो, म्हणून मध्ये बूट सैल करा, काहीतरी खाऊ द्या, गरम जागी बसवा. एफआयएसच्या शर्यतींत पहिले तीस उलट्या क्रमाने सुटतात, म्हणजे सुटण्याची वेळ बदलते आणि कागदावरचं गणित पुन्हा करावं लागतं. मधल्या वेळेत वेळांच्या फलकाभोवती मुलांना घुटमळू देऊ नका.

नंतर

फिनिशवर पालकांनी वेळ सांगू नये, सल्ला तर नकोच. पंधरा-वीस मिनिटांनी प्रशिक्षकाने तीन गोष्टी विचाराव्यात: पाहणीत जे पाहिलंस त्यातलं काय खरं निघालं, काय वेगळं निघालं, आणि तयारीत काय राहून गेलं. उत्तरं मुलाने वहीत लिहायची. गेट चुकवून बाद झालेल्या मुलाच्या वहीत पुष्कळदा जास्त कामाचं सापडतं. तिसऱ्या उत्तरात सलग दोन शर्यतींत तीच गोष्ट आली, तर पुढच्या शर्यतीसारख्या सरावाच्या दिवशी तिच्यापासूनच सुरुवात करा.

आणि त्याच संध्याकाळी बुटांची अस्तरं काढून वाळवायची, स्की पुसायची, धारेवर हात न लावता नजर टाकून गाठी शोधायच्या. हे काम दमलेल्या मुलानेच करायचं. पालकांनी शेजारी बसावं, कानस हातात घेऊ नये.